१९९४ची एमएम ५४० : नाशिकमध्ये परवडणारा फुल इन्शुरन्स मिळतो का?

सातपूरची_जीप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दोन महिन्यांपूर्वी मी देवळाली कॅम्पमधील एका गृहस्थांकडून महिंद्राची १९९४ सालची एमएम ५४० जीप विकत घेतली. गाडी मूळची एमएच १५ पासिंगची आहे, २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन मूळचेच आहे, फोर बाय फोर आणि लो गिअर दोन्ही व्यवस्थित लागतात, आणि नोंदणीचे नूतनीकरण २०२९ पर्यंत वैध आहे. आरसी बुक माझ्या नावावर झाले आहे. गाडीसाठी २ लाख ४० हजार रुपये मोजले आणि त्यानंतर द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये पत्रा, रंग, नवे टायर, कापडी हूड आणि ब्रेक यांवर आणखी १ लाख ३५ हजार रुपये खर्च केले. ज्या सातपूरमध्ये मी नोकरी करतो तिथेच महिंद्राचा कारखाना असल्याने या गाड्यांबद्दल लहानपणापासून वाटणारे आकर्षण अखेर खिशाला भारी पडले, असे घरी बोलले जाते, आणि ते खोटे नाही.

अडचण विम्याची आहे. आधीच्या मालकांचा विमा केवळ थर्ड पार्टीचा होता आणि त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. विम्याच्या संकेतस्थळांवर गाडीचे वर्ष १९९४ टाकले, की फुल इन्शुरन्सचा पर्यायच दिसेनासा होतो आणि फक्त थर्ड पार्टीचा दर समोर येतो. शरणपूर रोडवरील एका एजंटने बऱ्याच खटपटीनंतर एका खासगी कंपनीकडून फुल इन्शुरन्सचा दर आणला, पण हप्ता १८,६०० रुपये आणि गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, फक्त दीड लाख रुपये. म्हणजे गाडी उद्या चोरीला गेली, तर माझ्या खर्चाच्या निम्मीही रक्कम हाती येणार नाही, आणि तरी हप्ता मात्र नव्या गाडीसारखा.

जुन्या जीपचा फुल इन्शुरन्स नाशिकमध्ये कोणी काढला आहे का? तो किती रुपयांत पडला, आणि आयडीव्ही कशी ठरवून घेतली?

अंबडची_जिप्सी

माझा सल्ला सरळ आहे. थर्ड पार्टी काढा आणि शांत झोपा. माझ्याकडे १२९८ सीसीची जिप्सी आहे. तिच्या थर्ड पार्टीचा मूळ दर ३,४१६ रुपये आहे आणि मी कित्येक वर्षे त्याहून जास्त काही भरलेले नाही. कायद्याला तेवढेच हवे असते. जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स म्हणजे कंपनीला दिलेली देणगी होय, कारण क्लेमच्या वेळी ते भागांच्या जुनेपणापोटी इतकी घट लावतात की हातात काही पडत नाही. तुमची गाडी १५०० सीसीच्या वरची असल्याने थर्ड पार्टीच महाग पडेल, हे मात्र खरे.

निवृत्त_विमावाला

मी तीस वर्षांहून अधिक काळ एका सरकारी विमा कंपनीत काम केले असून त्यातील बराच काळ वाहन विभागात गेला, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की हप्त्याचे दोन भाग वेगळे करून पाहिल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळत नाही. थर्ड पार्टीचा दर कोणतीही कंपनी आपल्या मनाने ठरवत नाही. तो सरकार अधिसूचनेने ठरवते. १ जून २०२२ पासून खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, असे दर आहेत. तुमची जीप २११२ सीसीची असल्याने ७,८९७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९,३१८ रुपये, हे कोणत्याही दारात गेलात तरी चुकणार नाहीत. या भागावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. शिवाय थर्ड पार्टी विमा देण्यास कंपनीला गाडी जुनी आहे म्हणून नकार देता येत नाही. तसा कोणी दिला तर लेखी मागा.

घासाघीस होते ती दुसऱ्या भागात, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, तरी २००२च्या जुन्या दरपत्रकाचा पाया अनेक कंपन्या आजही धरतात. त्या दरपत्रकात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही शहरे ‘अ’ विभागात होती आणि बाकी सगळा देश ‘ब’ विभागात. दहा वर्षांहून जुन्या आणि १५०० सीसीहून मोठ्या मोटारीला ‘अ’ विभागात आयडीव्हीच्या ३.६९८ टक्के, तर ‘ब’ विभागात ३.६०४ टक्के दर होता. नाशिकची नोंदणी असणे ही पुणेकरांपेक्षा स्वस्त पडणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे, जरी फरक चहापाण्याइतकाच असला तरी.

आता तुमच्या एजंटने आणलेला आकडा तपासून पाहू. दीड लाखाचे ३.६०४ टक्के म्हणजे ५,४०६ रुपये. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ मिळवले की १३,३०३, आणि जीएसटी धरून सुमारे १५,६९८ रुपये. तुम्हाला १८,६०० सांगितले आहेत. वरचे सुमारे २,९०० रुपये कशाचे आहेत हे विचारा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात असेल, रस्त्यात मदतीची जोडसेवा (ॲड-ऑन) असेल किंवा जुन्या गाडीसाठी लावलेला जादा भार असेल. तुमच्याकडे १५ लाखांचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल, तर तो पुन्हा घेण्याची सक्ती नाही.

दुसरी गोष्ट आयडीव्हीची, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पहिली पाच वर्षे आयडीव्ही ठरलेल्या घटीनुसार निघते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी मात्र कोष्टकच नाही. तिथे विमाधारक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवलेली रक्कम हीच आयडीव्ही. संगणकाने दाखवलेला दीड लाख हा कंपनीचा पहिला भाव आहे, अंतिम निकाल नव्हे. भाजीबाजारात आपण जे करतो तेच इथेही करायचे असते, फक्त कागद घेऊन. गॅरेजची बिले, रंगकामाआधीचे आणि नंतरचे फोटो, खरेदीची पावती आणि मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला सोबत ठेवा, आणि संकेतस्थळ सोडून कंपनीच्या शाखेत जा. संकेतस्थळाला एमएम ५४० म्हणजे काय हे ठाऊक नसते. शाखेतील अधिकाऱ्याला, विशेषतः नाशिकमध्ये, नक्कीच ठाऊक असते.

सातपूरची_जीप

काका, इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. दोन शंका आहेत. मागची जुनी मोटार मी सव्वा वर्षापूर्वी विकली, तेव्हा त्या गाडीवर ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जमा होता. तो जीपला लागू करता येईल का? आणि मागच्या मालकांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असताना मी आता फुल इन्शुरन्स मागितला, तर कंपनी संशय घेईल का?

निवृत्त_विमावाला

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकलेल्या गाडीच्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या. साधारणपणे तीन वर्षांच्या आत ते नव्या विम्याला लावता येते. विकलेल्या गाडीसोबत बोनसही खरेदीदाराकडे गेला, असे बरेच लोक समजतात आणि हक्काची सवलत सोडून देतात.

संशयाचे म्हणाल तर गाडीची तपासणी होईल, एवढेच. आतापर्यंत स्वतःच्या नुकसानीचा विमा नसल्याने कंपनीचा माणूस येऊन चारही बाजूंनी फोटो घेईल, चासी नंबर आणि इंजिन नंबर पाहील. गाडी स्वच्छ धुऊन ठेवा आणि चासी नंबरवरचा चिखल व रंग काढून तो वाचता येईल असा करा. मी स्वतः एकदा केवळ नंबर दिसत नाही म्हणून प्रस्ताव परत पाठवला होता.

आणखी एक. २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीचा विमा थर्ड पार्टीपासून वेगळा, वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो. एखादी शाखा दोन्ही एकत्र देण्यास कुरकुर करत असेल, तर थर्ड पार्टीची मुदत खंडित होऊ न देता दुसऱ्याची वाट पाहता येते. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलीत, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा आयुष्यभराचा असतो, जो दंडापेक्षा कितीतरी मोठा आहे.

घोटीकर

धागाकर्त्याने एक गोष्ट सहज लिहून टाकली आहे, की इंजिन मूळचेच आहे. त्याचे मोल मला विचारा.

माझ्याकडेही एमएम ५४० होती. जुने प्यूजो इंजिन धूर ओकू लागले आणि सुटे भाग मिळेनात, म्हणून मी त्यात महिंद्राचेच २५२३ सीसीचे डीआय इंजिन बसवून घेतले. मिस्त्रीने सांगितले, की दोन्ही इंजिने १५०० सीसीच्या वरचीच आहेत, कंपनीही तीच आहे, म्हणून हप्ता बदलत नाही आणि कोणी विचारतही नाही. हप्ता खरोखरच बदलला नाही. चार वर्षे कोणी विचारलेही नाही. मग हरसूलच्या घाटात पावसाळ्यात गाडी उतारावरून घसरून उलटली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण गाडीचा सांगाडा वाकला. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने पहिल्याच भेटीत इंजिन नंबरचा फोटो घेतला, तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळला नाही आणि कंपनीने क्लेम पूर्ण फेटाळला. मी बरेच उंबरे झिजवले, पण हाती काही लागले नाही. चार वर्षांचे हप्ते गेले आणि गाडी शेवटी भंगाराच्या भावाने द्यावी लागली.

इंजिन बदलल्याचे मला दुःख नाही. जुने इंजिन संपलेच होते. दुःख याचे आहे, की आरटीओकडे नोंद करायला मी पेठ रोडला दोन-तीन चकरा मारायचा कंटाळा केला.

सर्व्हेअर_ताई

मी परवानाधारक सर्व्हेअर आहे, त्यामुळे घोटीकरांच्या अनुभवाची दुसरी बाजू सांगते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे आरसी बुकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक ठामपणे सांगितले. ज्या बदलांना परवानगी मिळू शकते ते आरटीओकडून आधी मंजूर करून आरसीवर चढवायचे आणि मग विमा कंपनीलाही लेखी कळवायचे, हाच क्रम आहे. जीपच्या बाबतीत मला सर्वाधिक आढळणाऱ्या गोष्टी म्हणजे बदललेले इंजिन, बदललेला गिअरबॉक्स, लांब केलेली चासी, मोठे टायर आणि पुढे ठोकलेला लोखंडी बुलबार. बुलबारवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते, तरी गंगापूर रोडवर प्रत्येक दुसऱ्या जीपला तो दिसतो. अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचसारखे विजेवर चालणारे साहित्य बसवले असेल, तर त्याची किंमत विम्यात वेगळी नोंदवावी लागते; जुन्या दरपत्रकात त्याला किमतीच्या ४ टक्के दर होता. नोंदवलेले नसेल, तर विंच चोरीला गेल्यावर त्याचा एक रुपयाही मिळत नाही.

आता घटीबद्दल, कारण अंबडच्या दादांनी ‘हातात काही पडत नाही’ असे लिहिले आहे. हे अर्धवट खरे आहे. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घट लागते. काचेवर घट नसते. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घट वाढत जाते आणि दहा वर्षांनंतर ती ५० टक्के होते. मजुरीवर घट नसते. तेव्हा १९९४च्या गाडीचा बोनेट आणि मडगार्ड बदलायचे झाले, तर भागांच्या किमतीचा निम्मा भार मालकाचाच. घट न लावणारी जोडसेवा या वयाच्या गाडीला कोणी देत नाही, आणि पाण्यात बुडून इंजिन बंद पडल्याचे संरक्षण देणारी जोडसेवाही नाही. वैतरणेच्या पाणलोटात किंवा दारणेच्या काठी गाडी पाण्यात घालून चालू करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पाणी शिरल्यानंतर सेल्फ मारून झालेले नुकसान हे परिणामी नुकसान मानले जाते आणि मूळ पॉलिसीत ते बसत नाही.

एक प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही, तो असा, की डांबरी रस्ता सोडल्यावर विमा चालू राहतो का. स्वतःच्या खुशीने कच्च्या वाटेने गेलात तर विमा संपत नाही. पण पॉलिसीच्या वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि वाहनाच्या टिकाऊपणाच्या स्पर्धा वगळलेल्या असतात. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला होणाऱ्या एखाद्या आयोजित ऑफरोड स्पर्धेत उतरणार असाल, तर कंपनीला आधी कळवून त्या दिवसांपुरते वाढीव संरक्षण घ्यावे लागते. जुन्या दरपत्रकात तशी स्वतंत्र तरतूद होती. प्रवेशशुल्क भरून क्रमांक चिकटवलेल्या गाडीचे फोटो लोक स्वतःच समाजमाध्यमांवर टाकतात आणि मग मी ‘घरगुती सहल’ असे लिहावे अशी अपेक्षा करतात.

अंबडची_जिप्सी

ताई, तुमच्याच लिहिण्यावरून माझे म्हणणे सिद्ध होते. भागांवर निम्मी घट, पाण्याला संरक्षण नाही, स्पर्धेला नाही, शिवाय १५०० सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे दोन हजार रुपये आपले. दरीतून गाडी वर काढायला क्रेनवाला जेवढे मागतो, त्यातले पॉलिसी किती देते हेही सांगा. तेव्हा मग पाच-सहा हजार जास्त भरून मिळते काय?

सर्व्हेअर_ताई

ओढून नेण्याचा खर्च खासगी मोटारीला मूळ पॉलिसीत दीड हजार रुपयांपर्यंतच मिळतो. घाटातल्या क्रेनला तो अजिबात पुरत नाही, हे मान्य.

निवृत्त_विमावाला

जिप्सीवाल्या दादांचा युक्तिवाद किरकोळ डेंटिंग-पेंटिंगपुरता बरोबर आहे आणि मी स्वतःही जुन्या गाडीसाठी फुल इन्शुरन्स किरकोळ क्लेमकरिता घ्या असे कधीच म्हणणार नाही. तो घ्यायचा तीन गोष्टींसाठी: चोरी, आग आणि पूर्ण नुकसान. या तिन्हींत भागांची घट मोजली जात नाही, तर ठरलेली आयडीव्ही मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर ते पूर्ण नुकसानच धरले जाते. म्हणूनच आयडीव्ही नीट ठरवून घेणे हेच जुन्या गाडीच्या विम्यातले खरे काम आहे. बाकी सगळे किरकोळ. आणि तुम्ही किरकोळ क्लेम करणारच नसाल, तर ते कंपनीला सांगून त्याची किंमत वसूल करा. ऐच्छिक वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम, वाढवली की हप्ता उतरतो. जुन्या दरपत्रकाप्रमाणे ७,५०० रुपयांची वजावट स्वीकारली, तर ३० टक्के, पण जास्तीत जास्त दोन हजारांची सूट मिळते, आणि १५ हजारांची स्वीकारली, तर ३५ टक्के, पण जास्तीत जास्त अडीच हजारांची. जुन्या जीपला ७,५००ची पायरी पुरेशी आहे, कारण पुढच्या पाचशे रुपयांसाठी आणखी साडेसात हजारांचा धोका घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

परंतु या सगळ्याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि केवळ थर्ड पार्टीवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याने ती समजून घ्यावी. तुमच्या मागच्या बाकांवर बसलेले मित्र कायद्याच्या दृष्टीने आपोआप थर्ड पार्टी ठरत नाहीत. खासगी मोटारीतून विनामोबदला प्रवास करणाऱ्यांना केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत संरक्षण नसते, आणि पॅकेज म्हणजेच फुल पॉलिसीत ते असते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केला आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी सहा मित्रांना घेऊन जाताना गाडी उलटली, तर रस्त्यावरच्या परक्या माणसाची भरपाई कंपनी देईल, पण तुमच्या मित्राच्या कुटुंबाने मागितलेली भरपाई तुमच्या घरावर येईल. उघडी जीप, आडवे बाक, पट्टे नाहीत, आणि रस्ता खडकाळ. यात विमा कुठे हवा हे मी वेगळे सांगायला नको. काही कारणाने फक्त थर्ड पार्टीच मिळत असेल, तर निदान प्रवाशांचा अपघात विमा त्यात जोडून घ्या. जुन्या दरपत्रकात दोन लाखांच्या संरक्षणाला माणशी शंभर रुपये पडत असत.

अंबडची_जिप्सी

मित्रांचे हे मला खरोखर माहीत नव्हते. दर रविवारी चार जण माझ्या गाडीत असतात. एजंटने आजवर एकदाही सांगितले नाही.

निफाडचा_बागाईतदार

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या वाड्यात आजोबांनी घेतलेली १९६८ची सीजे थ्रीबी जीप आहे. ती वर्षातून महिनाभर द्राक्षांच्या हंगामात बागेत फिरते आणि एरवी शेडमध्ये उभी असते. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना विंटेज म्हणून विम्यात निम्मी सवलत मिळते असे ऐकले. ती आम्हाला मिळेल का?

निवृत्त_विमावाला

सवलत खरी आहे. २०२२च्या नियमांत विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीच्या दरात ५० टक्के सूट दिली आहे, म्हणजे ७,८९७ऐवजी सुमारे ३,९४८ रुपये. पण ती ‘विंटेज म्हणून नोंदलेल्या’ गाडीला आहे, नुसत्या जुन्या गाडीला नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवे, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. त्यानंतर मात्र ती गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. बागेतली कामे आणि द्राक्षांचे क्रेट त्यात बसत नाहीत. तुमच्या जीपचे इंजिन मूळचे पेट्रोलचेच आहे का?

निफाडचा_बागाईतदार

नाही. वडिलांनीच डिझेलचे बसवून घेतले होते. त्या काळी आमच्या भागात पेट्रोलची जीप शिल्लक ठेवणारा माणूस श्रीमंत तरी असायचा किंवा हौशी तरी.

निवृत्त_विमावाला

मग विंटेजचा मार्ग बंद आहे. डिझेल इंजिनाची नोंद आरसी बुकात आहे का ते आज पाहून घ्या, कारण घोटीकरांचीच कथा तुमच्या शेडमध्ये उभी असण्याची शक्यता आहे. नोंद असेल, तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी यांचे संरक्षण मागा. जुन्या दरपत्रकात अशी मर्यादित पॉलिसी होती आणि ती पूर्ण पॅकेजपेक्षा बरीच स्वस्त पडते. एजंट सहसा तिचे नाव काढत नाहीत, तेव्हा शाखेत तुम्हालाच विचारावे लागेल.

घोटीकर

काका, माझ्यासारखा क्लेम फेटाळला गेला, तर पुढे कुठे जावे, हेही लिहून ठेवा. इतरांच्या उपयोगी पडेल.

निवृत्त_विमावाला

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, शुल्क लागत नाही आणि वकील लागत नाही. विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांकही आहे. अटीचा भंग झाला, तरी काही प्रकरणांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केला. मात्र ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने दिल्याचे होते. इंजिनच वेगळे असेल, तर तोच न्याय मिळेल अशी आशा मी कोणाला दाखवणार नाही.

सातपूरची_जीप

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण काम झाले.

काकांच्या सांगण्याप्रमाणे संकेतस्थळ सोडून तीन कंपन्यांच्या शाखांमध्ये स्वतः गेलो. पहिल्या ठिकाणी पंधरा वर्षांपुढील गाडीला फुल इन्शुरन्स नाहीच, असे दारातच सांगितले. दुसऱ्या ठिकाणी दीड लाखाच्या वर जायला कोणी तयार नव्हते. तिसरी शाखा सरकारी कंपनीची होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी बिलांची फाइल उघडली, मूल्यांककाचा दाखला वाचला आणि गाडी पाहायला स्वतः खाली आले. मी पावणेचार लाखांची आयडीव्ही मागितली, ते दोन लाखांवर होते, आणि तासाभराच्या चर्चेनंतर २ लाख ७५ हजारांवर जुळले. दुरुस्तीवर केलेला सगळा खर्च गाडीच्या बाजारभावात उतरत नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

आकडे असे आहेत. आयडीव्हीवर ३.६०४ टक्क्यांनी ९,९११ रुपये झाले. त्यावर कंपनीने २० टक्के सूट दिली, साडेसात हजारांच्या ऐच्छिक वजावटीमुळे आणखी दोन हजार उतरले आणि उरलेल्या ५,९२९ रुपयांवर ३५ टक्के नो क्लेम बोनस लागून ३,८५४ रुपये राहिले. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ आणि सहा प्रवाशांच्या अपघात विम्याचे ६०० रुपये मिळवून जीएसटीसह १४,५७४ रुपये भरले. मालक-चालकाचा अपघात विमा माझ्याकडे आधीच होता, म्हणून तो घेतला नाही. नुसती थर्ड पार्टी ९,३१८ रुपयांना पडली असती, म्हणजे प्रवाशांचे धरून साधारण सव्वापाच हजार रुपये जास्त गेले, आणि एजंटच्या आकड्यापेक्षा चार हजार रुपये कमी देऊन आयडीव्ही सव्वा लाखाने जास्त मिळाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पुढचा बुलबार काढून टाकला. तो आता गॅलरीत उभा आहे आणि घरच्यांनी त्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली आहे.

सर्व्हेअर_ताई

पॉलिसीचा कागद हाती आला, की त्यावरील इंजिन नंबर, चासी नंबर आणि निर्मितीचे वर्ष आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. टंकलेखनात एक आकडा चुकला, तरी दुरुस्ती आजच करून घेता येते. अपघातानंतर तीच चूक तुम्हाला सिद्ध करत बसावी लागते.

सातपूरची_जीप

ताई, तुमचे वाचून लगेच पाहिले. चासी नंबरात ८च्या जागी ३ पडला आहे. उद्या सकाळी शाखेत जातो.

अंबडची_जिप्सी

त्या शाखेतले अधिकारी कोणत्या वेळेला भेटतात तेवढे मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. माझी मुदत २८ तारखेला संपते आणि रविवारचे चार जण आता मला रोज विचारत आहेत.